चारब्रॉयलरवर ज्वाळा उठतात, चिकन चिकटतं: काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चारब्रॉयलर, म्हणजे खाली गॅसचे बर्नर आणि वर जाळी असलेलं भाजायचं मशीन, घेऊन दोन महिने झाले, आता चिकन जाळीला चिकटतं, मधेच ज्वाळा उठतात आणि मेकॅनिकला गॅसमध्ये काही सापडलं नाही. मी नऊ वर्षं ग्रिलवर उभा आहे. अशा तक्रारीत मी गॅसच्या आधी चरबी बघतो.

जाळी आणि बर्नर यांच्या मधे लोखंडी पत्रे असतात, काही मशीनमध्ये लावा दगड. बर्नर त्यांना तापवतो आणि त्यांच्या धगीवर पदार्थ भाजला जातो. गळलेलं तेल त्यावर पडून धूर होतो, आपल्याला हवा असलेला वास तोच. पण तेल साचत गेलं की तेच पेटतं. लावा दगड तर तेल पितात. ते मधूनमधून उलटे करा आणि काळेकुट्ट झाले की बदला.

पेटवण्याआधी खाली वाकून वास घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बर्नर पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच पुन्हा. एक्झॉस्ट आधी सुरू करा. जाळी पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, घासा, मग कापडाला अगदी थोडं तेल लावून चिमट्याने फिरवा. तुमचं चिकन चिकटतंय ते बहुधा जाळी पुरती तापत नसल्यामुळे, किंवा कालचा मसाला तिच्यावर तसाच असल्यामुळे. दह्याचा मसाला निथळू द्या, मगच तुकडे वर ठेवा.

ज्वाळा उठली तर पाणी कधीही मारू नका. तुकडे बाजूला सरकवा, त्या भागाचा नॉब कमी करा. मी पूर्वी जिथे होतो तिथे एका शनिवारी गळलेलं तेल साचतो तो खालचा ट्रे रिकामा करायचा राहिला आणि आग थेट एक्झॉस्टच्या फिल्टरपर्यंत गेली. पोऱ्या पाण्याचा मग उचलत होता, त्याचा हात मी धरला आणि मेन वॉल्व्ह बंद केला. तेव्हापासून ट्रे रोज, गर्दीच्या दिवशी दोनदा, मी स्वतः बघतो. स्वयंपाकाच्या तेलासाठीचा वेट केमिकल अग्निशामक हाताशी ठेवा.

सफाई रोज शिफ्ट संपताना. जाळी गरम असतानाच स्क्रॅपरने खरवडा. तारेचा ब्रश वापरत असाल तर नंतर ओल्या कापडाने नक्की पुसा, तुटलेली तार गिऱ्हाइकाच्या घशात जाऊ शकते. तापलेल्या बिडाच्या जाळीवर गार पाणी टाकलं तर ती तडकते. आणि मळ जाळायला जाळीवर मोठा तवा किंवा फॉइल झाकण्याची युक्ती अनेक किचनमध्ये चालते, ती कृपा करून करू नका. अडकलेल्या धगीने जाळी, पत्रे, बर्नर सगळं वाकतं. आठवड्याला पत्रे काढून खरवडा, फिल्टर गरम पाण्यात डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवा.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर हवा कमी पडतेय: बर्नर गार झाल्यावर त्याची भोकं बारीक तारेने मोकळी करा, हवेची झडप तपासा. पुढे पाइपचा गॅस घेणार असाल तर जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलून घ्या, एलपीजीचे जेट बारीक असतात. धुतलेली जाळी परत बसवल्यावर दहा मिनिटं बर्नर लावून कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर सकाळी गंज दिसेल.