आत्याबाईंना वाण द्यायचं का?

प्रश्न : माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी माझ्या आत्यासासूबाई राहतात. त्यांचे यजमान १९७१ च्या डिसेंबरात छांबच्या लढाईत बेपत्ता झाले. पार्थिव आलं नाही, कैद्यांच्या यादीत नावही नाही. आत्याबाई आजही कुंकू लावतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना वाण द्यायला गेले, तर एका पाहुणीने माझा हात धरला. आत्याबाई उठून आत गेल्या. त्यात माझे दीर त्यांना ‘पाकिस्तानी तुरुंगात सापडला जवान’ असले व्हिडिओ दाखवतात. त्यांना धीर कसा द्यावा?

उत्तर : तुम्ही पुढे झालात ते योग्यच केलंत. पुढच्या संक्रांतीला पहिलं वाण आत्याबाईंनाच द्या. फक्त आदल्या दिवशी विचारा, “उद्या बायका यायच्यात, तुम्ही बसाल ना?” नको म्हणाल्या तर नको.

माझी थोरली काकू अशीच. तार आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. १९७२ च्या डिसेंबरात वाघा सीमेवरून आपले युद्धकैदी परतले, तेव्हा घर रेडिओला कान लावून बसलं होतं. काका आले नाहीत. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मृत मानू शकतो. त्या आधाराने काकूने जमिनीच्या कागदांवर सही केली आणि घरी येऊन पुन्हा कुंकू लावलं. गावाने नावं ठेवली. मला मात्र त्यात काही वावगं दिसत नाही. तलाठ्याला कागद हवा होता, तो तिने दिला.

आजी रोज म्हणायची, “येईल गं तो.” काकू पोळपाटावरून मान वर करायची नाही. शेजारीण म्हणायची, “आता विसर.” तेव्हाही नाही. एकदा माझ्या वडिलांनी सहज विचारलं, “वहिनी, दादाला शेंगोळी घट्ट आवडतात की पातळ?” ‘आवडायची’ नाही, ‘आवडतात’. काकू त्या दिवशी तासभर बोलली, काकांनी रजेवर असताना हुलग्याचं पोतं कसं सांडलं इथपर्यंत. आत्याबाई ‘आहेत’ म्हणतात की ‘होते’, ते नीट ऐका आणि त्यांच्यामागून जा. फोटोला हार घालायचा की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं.

दिरांना मात्र थांबवा. आशा खोटीच असते म्हणून नव्हे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता आहेत. त्या वेळी एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात, पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, त्या एका नावामागे वर्षानुवर्षं अर्ज करत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आले. हाती काही लागलं नाही. पण त्यांच्याजवळ निदान छापील कागद होता. तुमच्या दिरांच्या व्हिडिओला ना नाव, ना तारीख, आणि ते बघून रात्र जागायची आत्याबाईंनी!

त्यापेक्षा दिरांना म्हणावं, मोबाइल ठेवा आणि माळ्यावरची आत्याबाईंची पेटी खाली काढून द्या. पत्रं असतील. वाचून दाखवायची की नाही, ते त्या सांगतील.