वाचकांचे प्रश्न : विमची एक फाइल, तीन संगणक

(विम हा कीबोर्डवरच्या आज्ञांनी चालणारा टेक्स्ट एडिटर, आणि ‘विमआरसी’ ही त्याच्या सेटिंगची फाइल, विम सुरू होताना वाचतो ती. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा. कोलनने सुरू होणारी आज्ञा आधी एस्केप दाबून मग द्या.)

प्रश्न, भुसावळ : कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज, घरी उबुंटू लिनक्स, दादाकडे मॅक. घरची ‘डॉट विमआरसी’ पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेली, तर काहीच लागू झालं नाही. तिथे नोटपॅडमध्ये नवी बनवून घरी आणली, तर विम उघडताच चुकांची रांग लागली.

उत्तर : दोन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत. पहिली जागेची. लिनक्स आणि मॅकवर विम होम फोल्डरमध्ये ‘डॉट विमआरसी’ शोधतो. विंडोजवर तो आधी ‘अंडरस्कोर विमआरसी’ बघतो, तीही सी ड्राइव्हच्या यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल त्याला सापडणार नाही. नोटपॅडने सेव्ह करताना नावाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ची शेपटी लावली असेल, तरी तेच, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, म्हणून ती दिसतही नाही. अंदाज बांधत बसू नका, विमलाच विचारा: ‘कोलन एको डॉलर मायविमआरसी’, शेवटचा शब्द कॅपिटलमध्ये. वाचलेल्या फाइलचा पत्ता खाली दिसेल. ओळ रिकामी आली तर तुमची एकही फाइल वाचलेली नाही. तो कुठे कुठे शोधतो याची यादी ‘कोलन व्हर्जन’ने मिळते.

दुसरी तक्रार ओळीच्या शेवटाची. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. जास्तीचं चिन्ह लिनक्सवरचा विम आज्ञेचाच भाग समजतो, आणि चूक क्रमांक ४९२ सोबत टोपीचं चिन्ह व एम दाखवतो. घरी फाइल विममध्ये उघडा, ‘कोलन सेट फाइलफॉरमॅट=युनिक्स’ द्या, सेव्ह करा. एवढं करूनही ओळींच्या शेवटी ती टोपी दिसत असेल, तर फाइलमध्ये दोन्ही प्रकारच्या ओळी मिसळल्या आहेत. मग आधी ‘कोलन ई ++एफएफ=डॉस’ देऊन ती पुन्हा वाचा आणि त्यानंतर युनिक्स करा. एका चिन्हाची फाइल विंडोजवरचा विमही विनातक्रार वाचतो, म्हणून ती कायम युनिक्स पद्धतीतच ठेवा.

फक्त विंडोजला लागणाऱ्या ओळी ‘इफ हॅज’, कंसात अवतरणचिन्हांत ‘विन३२’, आणि ‘एंडिफ’ यांच्यामध्ये लिहा. संगणक ६४ बिटचा असला तरी शब्द विन३२ हाच.

प्रश्न, चाळीसगाव : पहिलीच विमआरसी केली, त्यात ‘सेट नंबर’ एवढंच लिहिलं. ओळींना क्रमांक आले, पण कोडचे रंग गेले!

उत्तर : आवृत्ती ८ पासून, स्वतःची विमआरसी नसेल तेव्हाच विम ‘डिफॉल्ट्स डॉट विम’ ही स्वतःची तयार सेटिंगची फाइल वाचतो, रंग तिथून येत होते. तुमच्या फाइलची पहिली ओळ ‘सोर्स डॉलर विमरनटाइम/डिफॉल्ट्स डॉट विम’ अशी करा, विमरनटाइम कॅपिटलमध्ये.

प्रश्न, नंदुरबार : उबुंटूवर विममधून कॉपी केलेलं ब्राउझरमध्ये पेस्ट होत नाही.

उत्तर : टर्मिनलमध्ये ‘विम --व्हर्जन’ द्या आणि क्लिपबोर्ड या शब्दाआधी अधिक आहे की उणे, ते बघा. उणे असेल तर विमआरसीत काहीही लिहून उपयोग नाही, ती सोय त्या विममध्ये बांधलेलीच नाही; ‘विम-जीटीके३’ हे पॅकेज बसवा. मग लिनक्सवर विमआरसीत ‘सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस’ लिहा. विंडोज आणि मॅकवर नुसतं ‘अननेम्ड’ पुरतं.

प्रश्न, धुळे : अहिराणी शब्दांची यादी विममध्ये करतो आहे. कर्सर एकीकडे दिसतो, अक्षर उमटतं दुसरीकडे. एक्स दाबला की मात्रेसकट अक्षर जातं. मराठी कीबोर्ड चालू असला की आज्ञाच चालत नाहीत. फाइल खराब होते आहे का?

उत्तर : बहुधा नाही, आणि हे तपासता येतं. कर्सर अक्षरावर ठेवून जी आणि ८ दाबा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं. ते दिसलं तर यादी शाबूत आहे. अक्षराच्या जागी ३एफ दिसलं तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय. विंडोजवरच्या जुन्या विममध्ये असं होऊ नये म्हणून विमआरसीच्या सुरुवातीलाच ‘सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८’ लिहा.

कर्सर का सरकतो? ‘आंडोर’ हा शब्द घ्या. चिन्हं ५, बाइट १५. अनुस्वार आणि मात्रा विम आधीच्या अक्षराच्याच घरात बसवतो, म्हणून त्याच्या लेखी घरं ३. काही टर्मिनल ओकाराच्या मात्रेला वेगळं घर देतात, त्यांच्या लेखी ४. ओळीत असे शब्द वाढले की फरक साठत जातो. हे विमआरसीने सुटत नाही. दुसरं टर्मिनल वापरून बघा. पडदा फारच विस्कटला तर कंट्रोल-एलने तो पुन्हा रेखाटला जातो.

एक्सची अडचण मात्र एका ओळीत सुटते: ‘सेट डेलकंबाइन’. मग एक्स आणि बॅकस्पेस आधी मात्रा पुसतात, मग अक्षर. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ घालावीच.

आज्ञांसाठी ‘लँगमॅप’ आहे, म्हणजे आज्ञा देताना कुठलं देवनागरी अक्षर कुठल्या इंग्रजी अक्षरासारखं धरायचं ते सांगणारी सेटिंग. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एचच्या कळेवर प, जेवर र, केवर क, एलवर त आणि आयवर ग येतो. ‘सेट लँगमॅप=’ नंतर प्रत्येक देवनागरी अक्षर आणि त्याला चिकटून त्याच्या कळेचं इंग्रजी अक्षर, अशा जोड्या स्वल्पविराम देऊन लिहा, मध्ये जागा न सोडता. मग मराठी कीबोर्डवरही कर्सर हलतो, ग दाबून लिहायला सुरुवात होते, आणि लिहिताना प हा पच उमटतो. ह ला यू जोडलंत तर चूक उलटवताही येते. मात्रा आणि हलंत यांच्या जोड्या करू नका, ती चिन्हं आधीच्या स्वल्पविरामालाच चिकटतात. डीच्या कळेवर नेमका हलंत आहे, त्यामुळे ओळ पुसायला, आणि कोलननंतरचे शब्द लिहायला, कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागेल.