रविवारी कांद्याचा भाव शून्य कसा?

संगणकावर आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रं आणि त्याखाली माझी उत्तरं, असा हा शिरस्ता. या खेपेच्या पत्रांत ‘आलेख दिसतच नाही’ अशी तक्रार एकाच विद्यार्थ्याची आहे. बाकीच्यांचे आलेख छान दिसतात, फक्त भलतंच काही सांगतात. मला विचाराल तर पहिला आजार बरा, निदान तो लपत नाही.

सर, लासलगाव बाजार समितीतले कांद्याचे रोजचे सरासरी भाव सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) भरून डी३ मध्ये (ब्राउझरमध्ये आलेख काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) रेषालेख काढला. आधी रेषा आलेखाच्या डोक्यावरून बाहेर जात होती. मित्राच्या सांगण्यावरून आकड्याआधी अधिकचिन्ह लावलं, तेव्हा ती आत आली. पण आता दर रविवारी ती सरळ शून्यावर आपटते.

मित्राचा सल्ला बरोबर होता, फक्त अर्धा होता. सीएसव्हीतून आलेली प्रत्येक गोष्ट डी३ च्या लेखी मजकूर असते. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, म्हणजे पहिलं अक्षर आधी. त्यामुळे ‘९५०’ हा ‘२१००’ पेक्षा मोठा ठरतो, कारण नऊ दोनाच्या पुढे. तुमच्या अक्षाची कमाल मर्यादा ९५० वर अडकली आणि २१०० चा भाव छपराबाहेर गेला. अधिकचिन्हाने मजकुराचा आकडा झाला, इथवर ठीक.

पण रविवारी लिलाव नसतो, म्हणून तुमच्या फाइलमध्ये तो रकाना रिकामा आहे. आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराआधी अधिकचिन्ह लावलं की उत्तर येतं शून्य. चूक नाही, इशारा नाही, नुसता शून्य. झाला कांदा फुकट! त्याऐवजी ‘डी३.ऑटोटाइप’ वापरा. तो रिकाम्या जागी ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ ही खूण ठेवतो. मात्र ‘२,१००’ असा स्वल्पविराम असेल तर त्याला तो आकडा समजत नाही, तेव्हा स्वल्पविराम आधी काढून टाका.

पुढचा प्रश्न तंत्राचा नाही, तुमच्या समजुतीचा आहे: मोकळ्या दिवशी रेषा जोडायची की तोडायची? मी रविवारच्या ओळी गाळून रेषा जोडतो, कारण शनिवार आणि सोमवारच्या मध्ये काही लपवलेलं नसतं. पण दिवाळीत किंवा संपात आठ-दहा दिवस लिलाव बंद असतील, तर रेषेला ‘डिफाइन्ड’ (कुठे आकडा आहे, कुठे नाही हे सांगणारी अट) लावून ती तोडतो. त्या दिवसांत बाजार नव्हता हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. ओळी गाळणार असाल तर आडव्या अक्षाला ‘स्केलटाइम’ (तारखांमधलं खरं अंतर राखणारी मोजपट्टी) हवा, नाहीतर दहा दिवसांचं अंतर एका दिवसाएवढं दिसेल. तारखाही स्वतः वाचून घ्या. ०५/०६/२०२४ ही आपल्याकडे ५ जून असली, तरी ब्राउझर ती बहुधा ६ मे धरतो.

सर, व्हिडिओ बघून सीएसव्ही वाचायचा कोड जसाच्या तसा लिहिला. फंक्शनमध्ये ‘एरर’ आणि ‘डेटा’ असे दोन पॅरामीटर आहेत. आलेख येत नाही. ‘एरर’ कन्सोलवर छापला तर त्यात माझ्याच डेटाची ओळ येते!

छापून पाहिलंस हे फार चांगलं केलंस. व्हिडिओ जुना आहे. २०१८ मध्ये डी३ ची पाचवी आवृत्ती आली आणि फाइल वाचायची पद्धत बदलली. आता ‘डी३.सीएसव्ही’ प्रॉमिस परत करतं, म्हणजे ‘फाइल वाचून झाली की डेटा देतो’ असं वचन. तू दिलेलं फंक्शन त्याला ‘प्रत्येक ओळीवर चालवायचं काम’ वाटतं. म्हणून ‘एरर’मध्ये ओळ येते आणि ‘डेटा’मध्ये त्या ओळीचा नुसता क्रमांक. ते वचन पुरं होईपर्यंत थांबायला ‘अवेट’ किंवा ‘देन’ लाव, सुटेल. आणि एचटीएमएल फाइल डबल-क्लिक करून उघडत असशील तर तेही थांबव, कारण ब्राउझर अशा पानाला शेजारची फाइल वाचू देत नाही. लोकल सर्व्हर (तुझ्याच संगणकावरून ब्राउझरला फाइल पुरवणारा छोटा प्रोग्राम) चालव.

महाराष्ट्राचा जिल्हानिहाय लोकसंख्येचा नकाशा करते आहे. एका जिओजेसन फाइलने (जिल्ह्यांच्या सीमा बिंदूंनी साठवणारी फाइल) पूर्ण चौकोन काळा झाला. दुसरी घेतली तर नकाशा आला, पण पालघर कोरा.

काळा चौकोन पाहून मीही एकदा अख्खी दुपार घालवली आहे. डी३ पृथ्वीला गोल मानून चालतं. जिल्ह्याची सीमा घड्याळाच्या दिशेने काढलेली असेल तर आतला भाग जिल्हा, उलट दिशेने असेल तर जिल्हा सोडून उरलेली सगळी पृथ्वी! आणि जिओजेसनचं २०१६ चं मानक नेमकी उलटी दिशा सांगतं. ‘टर्फ’ या नकाशांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीतल्या ‘रिवाइंड’ने बिंदूंचा क्रम फिरवून घ्या, तिथे ‘रिव्हर्स’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवा.

पालघरचं कारण संगणकात नाही, राजपत्रात आहे. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तुमचे आकडे २०११ च्या जनगणनेचे, म्हणजे ३५ जिल्ह्यांचे, आणि नकाशा ३६ चा. कोरा पालघर निदान डोळ्यांना खुपतो. ठाणे मात्र गुपचूप दोघांची मिळून १ कोटी १० लाख लोकसंख्या दाखवत बसलं असेल. वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड आणि पालघर या आठ तालुक्यांचे २०११ चे आकडे एकत्र करा आणि ठाण्यातून वजा करा. जोडणी जिल्ह्याच्या नावावर करू नका, जनगणनेच्या सांकेतांकावर करा. नाहीतर उद्या ‘उस्मानाबाद’ला ‘धाराशिव’ सापडणार नाही.

शिवाय निव्वळ लोकसंख्या रंगाने दाखवू नका. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि माणसं पावणेअकरा लाख. मुंबई उपनगरात ९३ लाखांहून जास्त, आणि पडद्यावर तो जिल्हा मोहरीएवढा. घनता दाखवा, किंवा जिल्ह्यावर लहान-मोठी वर्तुळं काढा.

अक्षावर दीड कोटीचं ‘१५ एम’ (मिलियन) दिसतं. मराठी वाचकाला हे काय कळणार?

काहीच नाही. ब्राउझरमध्येच आकडे त्या-त्या भाषेत मांडणारं ‘इंटल.नंबरफॉरमॅट’ आहे. त्याला ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) सांगितलं की १,२३,४५,६७८ असे मराठी अंक, आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांसह मिळतात. ‘कॉम्पॅक्ट’ (आटोपशीर) मांडणी मागितली की लाख-कोटीही. चार्ट.जेएस (आलेखांची आणखी एक लायब्ररी) वापरत असाल तर ‘लोकेल’ पर्यायात तेच द्या. मूळ आकडे मात्र इंग्रजी अंकांतच साठवा, कारण ‘१२’ हा जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही.

जिल्ह्यांची लांब नावं स्तंभांखाली मावत नाहीत म्हणून पहिली तीन अक्षरं कापून घेतली, तर ‘छत्’ असं काहीतरी आलं.

जावास्क्रिप्टच्या हिशेबात हलन्त आणि काना-मात्रा ही वेगळी अक्षरं आहेत. ‘छत्रपती’तून तीन घेतली की छ, त आणि हलन्त हाती येतो. कापूच नका. स्तंभ आडवे करा (चार्ट.जेएसमध्ये ‘इंडेक्सअ‍ॅक्सिस’ला ‘वाय’), डावीकडे पूर्ण नाव सुखाने बसतं. अक्षरांतलं अंतर वाढवायचा मोहही टाळा, शिरोरेषा तुटते. आणि पहिल्यांदा पान उघडल्यावर अक्षरं वेडीवाकडी, रीलोड केल्यावर नीट, असं होत असेल तर वेबफाँट (इंटरनेटवरून येणारा टंक) यायच्या आधीच कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकटीत, चित्र काढून झालेलं असतं. ‘डॉक्युमेंट.फाँट्स.रेडी’ची वाट पाहून मग आलेख काढा.