पंधरा मिनिटांत बरं झालं, मग डॉक्टरकडे कशाला?

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. परवा जेवताना अचानक उजव्या हातातून घास पडला, बोलायला गेले तर शब्द फुटेना, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. आम्ही अॅम्ब्युलन्स बोलवेपर्यंत पंधरा मिनिटांत सगळं नॉर्मल! आता ते म्हणतात पित्त झालं असेल, उगाच टेस्ट करायला लावतील. काय करावं?

उत्तर : तुमचा मेल आला तेव्हाच 'आत्ताच्या आत्ता निघा' असं कळवलं होतं, इथे बाकीच्या वाचकांसाठी लिहितोय, कारण असे बाबा घरोघरी असतात. पित्ताने हात लुळा पडत नाही हो. याला टीआयए म्हणतात, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी थोडा वेळ अडकते आणि आपोआप विरघळते किंवा पुढे सरकते, की माणूस पूर्ववत. बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि उजवा हात हलवणारं केंद्रही तिकडेच, म्हणून दोन्ही एकदम गेलं, त्यामुळे कुठे अडलं असावं ते लक्षणांवरूनच कळतं. पण गुठळी आली कुठून ते कळत नाही आणि टेस्ट असतात त्या त्यासाठीच. मेंदूचा एमआरआय, मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), शुगर, कोलेस्टेरॉल, आणि ईसीजी तर हवाच कारण ठोके अनियमित पडत असतील तर गुठळी हृदयातच तयार होऊ शकते.

टीआयएनंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त, त्यामुळे 'सोमवारी बघू' इथे चालत नाही. आणि पुन्हा असं झालं तर बरं होतंय का याची वाट बघत बसू नका, आधी घड्याळ बघा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, काही जणांमध्ये मोठी गुठळी नळी घालून नंतरही काढता येते पण ते स्कॅनवर ठरतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर उठल्याची वेळ नाही, शेवटचं ठीक कधी होते ती वेळ सांगा. कुणीतरी फॉरवर्ड पाठवतं की लगेच अॅस्पिरिन द्या, तसं स्वतःच्या मनाने करू नका, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

प्रश्न : आई ५८ वर्षांची. कप उचलला की हात थरथरतो, सही वेडीवाकडी येते. आजोबांचाही हात असाच थरथरायचा. नेटवर वाचलं तर सगळीकडे पार्किन्सनच येतंय, रात्रभर झोप नाही.

उत्तर : नेटवर वाचायचं तर दिवसा वाचा. तुम्ही लिहिलंय त्यात दोन गोष्टी मला बऱ्या वाटल्या : हात काम करताना थरथरतो आणि घरात आधी कुणाला तरी होतं. हे बहुतेक इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काम करताना हात थरथरण्याचा, बऱ्याचदा घराण्यात चालणारा त्रास असावा. पार्किन्सनमधला कंप सहसा हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो, सोबत हालचाली मंदावतात, चालताना तो हात हलत नाही, आणि अक्षर थरथरण्यापेक्षा बारीक बारीक होत जातं. आईला कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल वळण काढायला सांगा, ते आणि एखादी जुनी सही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. थायरॉइड तपासा, दम्याचा पंप चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही हात थरथरतात आणि कंपासाठी नेहमी देतात ती प्रोप्रानोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. पार्किन्सनचं निदान मुख्यतः तपासूनच होतं, त्यात साधा एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल असतो, म्हणून आधी स्कॅन मग डॉक्टर असा उलटा प्रवास नको.

प्रश्न : मायग्रेन आहे. आधी महिन्यातून दोनदा दुखायचं, आता जवळजवळ रोज गोळी लागते. सीटी नॉर्मल. गोळीचा पॉवर वाढवू का?

उत्तर : नको! गोळीच दुखवतेय असं दिसतंय. साधी वेदनाशामक महिन्यातले १५ दिवस किंवा मायग्रेनच्या खास ट्रिप्टान गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर डोकेदुखी रोजची होऊन बसते. बंद केल्यावर आधी काही दिवस जास्त दुखेल, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा आणि मायग्रेन टाळायची रोजची वेगळी गोळी सुरू करायची का ते विचारा. मात्र आयुष्यात कधी दुखलं नाही असं एका क्षणात डोकं फुटायला लागलं तर मायग्रेन समजून झोपू नका, थेट इमर्जन्सीत जा.

प्रश्न : मुलाला दोनदा फिट आली, शेजाऱ्यांनी तोंडात चमचा घातला. ईईजी नॉर्मल आलाय, मग गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?

उत्तर : नाही. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची त्या अर्ध्या तासाची नोंद, ती नॉर्मल असली तरी एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार) असू शकते, आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. बंद करायचा विषय साधारण दोन वर्षं एकही फिट नसेल तेव्हा निघतो, तोही डॉक्टरांकडून. चमचा, चप्पल, कांदा काहीही नको : कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, पाच मिनिटांच्या वर चाललं तर अॅम्ब्युलन्स. आणि घरात अजून कुणी असेल तर त्यांना मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, आम्हाला ईईजीपेक्षा त्या व्हिडिओवरून कितीदा जास्त कळतं.