श्रीवर्धनचं घर विकायचं का?

प्रश्न: मी बोरिवलीत राहते, आईबाबा श्रीवर्धनला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, पोफळीची वाडी आडवी झाली, कितीतरी दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून मे लागला की मला टेन्शन. म्हणते घर विका नि इकडे या, पण बाबा ऐकतच नाहीत!

उत्तर: अगं, घर विकणं आणि आईबाबांना आणणं, हे दोन वेगळे प्रश्न तू एकत्र करतेयस. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, आणि आता हवामान खात्याचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो, तेव्हा लगेच गाडी काढायची, उशीर केलास तर झाडं पडून रस्ते बंद होतात. आणि मुंबई सेफ आहे असं कोण म्हणालं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, विसरलीस का?

बाबांचा हट्ट मला तरी कळतो. पोफळ धरायलाच पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे वादळानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे धरायला लागली असणार, आणि तू म्हणतेस विका. निदान एक खोली स्लॅबची करून घ्या, कौलं-पत्रे नीट बांधा, घरावर झुकलेला माड असेल तर तो आधी काढा (बाबा कुरकुर करतील, करू देत).

हां, आईला रोज ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागत असेल तर मात्र वाट बघू नकोस, त्यांना आत्ताच आण. घर राहू दे तिथेच.