आधी मास्क घ्या, रेग्युलेटर नंतर

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला की लगेच पूर्ण सेट घेऊ नका. पहिली खरेदी मास्कचीच. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास रोखून धरलाय तोवर तो चिकटून राहिला तर बसतोय. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं, त्यामुळे तिथे जास्त बघा. ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून चेहऱ्याला न लावता घेऊ नका. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो, त्यानेच धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने दोन-तीनदा घासून धुवा. काचेला कोटिंग असेल तर मात्र नको.

मग डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्यात खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र. मोठे आकडे, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय, घरी बदलता येणारी बॅटरी, एवढं पुरे.

फिन्स (पायात घालायचे पंख) ओपन हील, म्हणजे उघड्या टाचेचे घेणार असाल तर बूट घालूनच मापा.

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारा) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) तारकर्लीला भाड्याने मिळतात. ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळला जाताना ओझंही कमी. रेग्युलेटर घ्यायचाच झाला तर त्या ब्रँडची सर्व्हिस जवळपास होते का, हे आधी विचारा. तो धुताना फर्स्ट स्टेजची (टाकीला जोडायच्या भागाची) टोपी घट्ट लावा आणि तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत शिरतं.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं आणि इथल्या दमट हवेत सामानाला बुरशी धरते. सावलीत पूर्ण वाळवूनच डब्यात ठेवा.