जीझिपने (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) केलेल्या बॅकअपचे १२ तुकडे जोडले, तरी उघडताना 'फॉरमॅट व्हायोलेटेड' येतं. मायएसक्यूएल डेटाबेसचा डेटा गेला का?

बहुतेक नाही. तुकड्यांची नावं .१ ते .१२ अशी असतील आणि तुम्ही 'कॅट' ला (फाइली जोडणारी लिनक्सची आज्ञा) नावांच्या जागी नुसती चांदणी (*) दिली असेल, तर क्रम लागतो १, १०, ११, १२, २... पहिला तुकडा नीट सुटतो, दुसऱ्याच्या जागी दहावा येतो आणि जीझिप तिथेच आडवं होतं. आधी '.?' (एक अंकी) आणि मग '.??' (दोन अंकी) असं देऊन जोडा. विंडोजवर जोडले असतील तर 'कॉपी' ला '/बी' लावलं होतं का? त्याशिवाय अधिकचं चिन्ह वापरून जोडलं की तो फाइली मजकूर समजतो आणि १ए हा बाइट (मजकूर संपल्याची खूण) दिसला की तो तुकडा तिथेच सोडतो. जोडलेली फाइल बेरजेपेक्षा लहान भरली तर हेच झालंय.

मग बाइटमध्ये आकार बघा. शेवटचा सोडून सगळे तुकडे तंतोतंत सारखे हवेत. मधला एखादा कमी भरला तर तो अर्धवट कॉपी झालाय, मूळ डिस्कवरून परत आणा. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' आलं असतं तर शेवटचा तुकडा शोधा म्हटलं असतं. मधला कायमचा गेला असेल तर त्याच्या पुढचंही गेलं म्हणा, कारण जीझिपचा प्रवाह अखंड असतो. बीझिप२ मध्ये जास्तीत जास्त ९०० केबीचे स्वतंत्र ब्लॉक असतात, त्यामुळे बरंचसं वाचतं.

मुळात तुकडे पाडलेच कशाला? फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक फाइल मावत नाही म्हणून? ड्राइव्ह एक्सफॅट करा, विषय संपला. पाडायचेच तर ०१, ०२ अशी नावं द्या आणि प्रत्येकाचा एसएचए२५६ (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) सोबत ठेवा.

आणि 'जीझिप -टी (जीझिपची स्वतःची तपासणी) पास झालं, म्हणजे बॅकअप ठीक' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढणारा प्रोग्राम) मध्येच मेलं तरी पाइपपलीकडचं जीझिप मिळालं तेवढं व्यवस्थित बंद करतं, सीआरसीही (तपासणीचा आकडा) जुळतो आणि स्क्रिप्ट यश कळवते. स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' लावा, म्हणजे पाइपमधलं काहीही फसलं तरी स्क्रिप्ट अपयश कळवेल. आत्ता 'झेडकॅट' (जीझिप फाइलमधला मजकूर दाखवणारी आज्ञा) करून शेवटची ओळ बघा, 'डंप कंप्लीटेड' दिसलं पाहिजे. डंप '--स्किप-कमेंट्स' ने घेतला असेल तर मात्र ती ओळ नसतेच. मग रिकाम्या सर्व्हरवर चढवून टेबलं आणि रेकॉर्ड मोजण्यावाचून इलाज नाही.